‘थांबा’ म्हणजे नक्की काय करायचं?

शाळेतल्या मुलांसाठी केलेल्या लॅपटॉपच्या माहितीपुस्तकात पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य मी दोनच शब्दांचं लिहिलं होतं. ‘लॅपटॉप उघडा.’ गुरुजींनी तो हिरवा-पांढरा डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बिजागरीच्या बाजूने नखं घालून पाहिली आणि शेवटी विचारलं, “मॅडम, याला किल्ली लागते का?”

किल्ली नाही लागत. झाकणाच्या दोन्ही अंगांना सशासारखे दोन हिरवे कान असतात, ते आधी वर उचलायचे, मग झाकण सुटतं. वायफायचे अँटेना तेच आणि कडीही तीच. मिटले की यूएसबीची भोकंसुद्धा त्यांच्याखाली झाकली जातात, धूळ आत जात नाही. मला हे सगळं पाठ होतं, आणि पाठ होतं म्हणूनच लिहायचं सुचलं नव्हतं. गुरुजी डब्याशी झटापट करत असताना चौथीतल्या एका मुलीने मागून हात घालून दोन्ही कान वर केले.

मी नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात पॅकिंग मशीनची माहितीपुस्तकं लिहिते. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत. अकरा वर्षं तेच काम केल्यामुळे सूचना कशा लिहायच्या हे आपल्याला कळतं, असा माझा ठाम समज होता. २०१३च्या मे महिन्यात न्यू जर्सीहून मावसभाऊ सुट्टीला आला. सोबत एक जादा बॅग, आणि तिच्यात नऊ एक्सओ लॅपटॉप. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे. निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५च्या जानेवारीत दावोसला ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून ज्याचा गाजावाजा केला, तोच हा. उत्पादन सुरू झालं तेव्हा किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली होती, तो भाग वेगळा. २००७च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ३९९ डॉलर भरले की एक आपल्याला आणि एक गरीब देशातल्या मुलाला, अशी योजना निघाली. माझ्या भावाने आणि त्याच्या मित्रांनी हौसेने घेतले, मुलं मोठी झाली, लॅपटॉप माळ्यावर गेले. ते गोळा करून त्याने त्यांच्यावर नवी प्रणाली चढवली आणि मला म्हणाला, “ताई, तुझ्याकडे शाळा असेलच एखादी.”

होती. गिरणारे सोडून वाघेऱ्याचा घाट ओलांडला की हरसूलच्या अलीकडे आत वळणाऱ्या रस्त्यावर एक दोन खोल्यांची शाळा आहे. पहिली ते चौथी, तेवीस मुलं, एक गुरुजी. माझी एक मैत्रीण तिथे गोष्टींची पुस्तकं पोहोचवायची, तिच्यामुळे ओळख झाली. महाराष्ट्रात हा लॅपटॉप आधीच येऊन गेला होता. २००७मध्येच रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरात धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत त्याचा प्रयोग झाला. त्यामुळे आपण काही फार वेगळं करतोय अशी हवा डोक्यात नव्हती. नऊ यंत्रं, एक माहितीपुस्तक, दोन शनिवार. एवढंच काम आहे असं मी धरून चालले होते.

सहा महिने लागले.

लॅपटॉपच्या पोटात ‘शुगर’ नावाची प्रणाली असते. विंडोजशी तिचं काही नातं नाही. तिच्यात प्रोग्रॅम नसतात, ‘ॲक्टिव्हिटी’ असतात: लिहिण्याची, चित्रं काढण्याची, फोटो घेण्याची, कासवाला चालवण्याची. तिचं इंग्रजी माहितीपुस्तक २००८मध्ये स्वयंसेवकांनी एकत्र बसून लिहिलेलं आहे, आणि ते मुक्त परवान्याखाली असल्याने कुणीही त्याचं भाषांतर करू शकतं. मी तेच समोर घेतलं. रोज रात्री स्वयंपाकघर आवरून झालं की दोन पानं. जूनच्या अखेरीला चाळीस पानांचा मजकूर तयार झाला, कॉलेज रोडवर झेरॉक्स काढून स्पायरल केला आणि शाळेत गेले.

त्यातलं किती उपयोगी पडलं? जवळजवळ काहीच नाही. पुस्तक जुन्या आवृत्तीचं, यंत्रावर प्रणाली नवी. पुस्तकात ‘कीप’ नावाचं बटण दाबून काम जपून ठेवायला सांगितलेलं, नव्या आवृत्तीत ते बटणच नाही. एका मुलाने अर्धा तास ते शोधलं. मग माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडून काही चूक झाल्यासारखं. त्या नजरेची मला अजून लाज वाटते, कारण चूक माझी होती. भाषांतर करताना एकदाही मी लॅपटॉप उघडून ती पायरी करून पाहिली नव्हती. कारखान्यात मशीनसमोर उभं राहिल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. इथे मात्र ‘मुलांचं तर आहे’ म्हणून सोडून दिलं होतं.

स्पायरल फाडलं. ठरवलं की आता एकेक पान लिहायचं, शाळेत नेऊन द्यायचं आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड आहे. मूल चुकीच्या जागी बोट नेतं आणि आपल्या तोंडातून ‘अगं, तिकडे नाही’ बाहेर पडतंच. पहिल्या दोन खेपांना मी इतकी बोलले की गुरुजी म्हणाले, “तुम्ही सांगता ते पोरांना कळतंय मॅडम. पण तुम्ही गेल्यावर कागद बोलणार का?” त्यानंतर मी तोंडात लवंग ठेवून बसायला लागले.

सगळ्यात जास्त छळलं ते एका शब्दाने. शुगरमध्ये बाण एखाद्या चित्रावर नेऊन काही न दाबता क्षणभर तसाच ठेवला की खाली छोटी यादी उघडते. सगळी गंमत त्या यादीत असते. मी लिहिलं: ‘बाण चित्रावर न्या आणि थांबा.’ पान चांगलं झालंय अशी माझी समजूत. प्रत्यक्षात तीन-चार मुलांनी बाण चित्रावर नेला, मग पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात नेला आणि तिथलं बटण दाबून ॲक्टिव्हिटी बंद केली. परत सुरू केली. परत बंद. तिसऱ्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या कोपऱ्यात ‘स्टॉप’ असतं, आणि आदल्याच पानावर मी त्याचा अर्थ लिहिला होता, ‘थांबा’. आपल्याकडे गाडी थांबवायलाही थांबा, आईची वाट पाहायलाही थांबा, एसटी जिथे उभी राहते तोही थांबा. मुलं कागदाचं अक्षरशः ऐकत होती.

मग ‘स्टॉप’ला ‘बंद करा’ केलं आणि दुसऱ्या जागी लिहिलं: ‘बाण चित्रावर न्या. हात उचला. मनात तीन आकडे मोजा.’ हात उचलणं आणि आकडे मोजणं शाळेतली कामं आहेत, त्यात गोंधळाला जागा नाही. पुढे काही मुलं तीन आकडे मोठ्याने म्हणायला लागली. पूर्ण वर्ग एक, दोन, तीन म्हणतोय आणि नऊ पडद्यांवर याद्या उघडताहेत, हे पाहायला मजा यायची.

रंगांनीही असंच फसवलं. ‘हिरव्या चित्रावर बाण न्या’ असं लिहिलेलं पान झेरॉक्समध्ये काळं-पांढरं झालं, हे तर कुणाच्याही लक्षात येईल. खरी अडचण निराळी. शुगरमध्ये प्रत्येक यंत्राला सुरुवातीलाच नाव आणि दोन रंग निवडून द्यायचे असतात, आणि त्या यंत्रावर उघडलेल्या ॲक्टिव्हिटी त्याच रंगांत दिसतात. म्हणजे माझ्या पडद्यावर हिरवं-जांभळं असलेलं चित्र दुसऱ्याच्या पडद्यावर लाल-पिवळं. रंगाचं नाव घेऊन सूचना लिहिताच येत नाही. फक्त आकार. त्यामुळे ‘पेन्सिल आणि कागद’, ‘कासव’, ‘डोळे आणि तोंड’ अशी वर्णनं आली. जे चित्र शब्दांत नीट सांगता येईना ते छापलं. ऑल्ट आणि १ ही बटणं एकदम दाबली की पडद्याचा फोटो यंत्राच्या जर्नलमध्ये, म्हणजे रोजनिशीत, जातो. तिथून तो पेनड्राइव्हच्या चित्रावर ओढून टाकायचा आणि नाशिकला घरी आणायचा. वाघेऱ्याच्या घाटातून पावसात परत येताना पेनड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी डब्यात, अशी माझी सोय असायची.

जर्नलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुस्तकाची निम्मी पानं शेवटी त्याच्यावर खर्च झाली. या लॅपटॉपवर फाइल आणि फोल्डर दिसतच नाहीत. जे कराल ते आपोआप एका रोजनिशीत जमा होतं, शेवटचं काम सगळ्यात वर. मुलांना यात काहीही विचित्र वाटलं नाही. त्यांनी आधी संगणक पाहिलेलाच नव्हता. अडले गुरुजी. एमएस-सीआयटी केलेली असल्यामुळे ते पुन्हा पुन्हा विचारायचे, “सेव्ह कुठे करायचं? डी ड्राइव्ह कुठाय?” मी त्यांच्यासाठी वेगळं पान केलं, मथळा दिला ‘ज्यांना संगणक येतो त्यांच्यासाठी’, आणि त्यात फक्त काय विसरायचं ते लिहिलं. गुरुजी वाचून हसले. म्हणाले, “हे पान केंद्रप्रमुखांना दाखवू नका.”

पण मोठा घोटाळा पुढेच होता. चौथीतल्या त्याच मुलीने, कान उघडणाऱ्या, नागलीच्या लावणीवर अर्धं पान लिहिलं होतं. दोन बोटांनी, रोमन अक्षरांत, तीन दिवस खपून. पुढच्या खेपेला गेले तर ते गायब. तिच्यानंतर लॅपटॉप घेणाऱ्या मुलाने लिहिण्याचं चित्र दाबलं, पडद्यावर काहीतरी आधीच लिहिलेलं आलं, त्याने ते पुसून आपलं लिहिलं. त्याची काही चूक नाही. नव्या आवृत्तीत मुख्य पडद्यावरचं रंगीत चित्र दाबलं की नवं पान उघडत नाही, मागचंच काम पुढे सुरू होतं. नवं हवं असेल तर तीन आकडे मोजून यादी उघडायची आणि त्यातलं ‘स्टार्ट न्यू’ निवडायचं.

असं का केलं असेल, यावर मी परतीच्या एसटीत बराच विचार केला. गंगापूर धरण मागे गेलं तेव्हा कुठे उलगडलं. प्रकल्पाच्या नावातच ते आहे: एका मुलाला एक लॅपटॉप. यंत्र एकाचंच असेल तर काल सोडलेलं काम आज समोर येणं ही सोयच आहे. आमच्याकडे एका यंत्रावर दोन-तीन मुलं. ज्या गृहीतकावर प्रणाली उभी आहे तेच इथे खोटं होतं, आणि त्याबद्दल कुठल्याही माहितीपुस्तकात ओळ असण्याचं कारण नव्हतं. ती ओळ आम्हालाच लिहायची होती.

आधी नावाचा प्रश्न घेतला. यंत्राला कुणाचं नाव द्यायचं? एकाचं दिलं तर बाकीचे दोघे रुसणार. गुरुजींनी तोड काढली. जिल्ह्यातल्या नद्यांची नावं. गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा, मोसम, आरम, नार, पार आणि दमणगंगा. बरोबर नऊ. मुलांना त्या निमित्ताने नद्या पाठ झाल्या, हा वरचा नफा. मग नियम केला की काम सुरू करताना ‘स्टार्ट न्यू’, आणि बंद करण्याआधी वरच्या पट्टीत कामाच्या नावाच्या जागी आपलं नाव. पुस्तकात या दोन गोष्टींना अख्खी तीन पानं दिली. कोणी म्हणेल, दोन ओळींचं काम. पण त्या मुलीचं अर्धं पान गेलं होतं. ते पुन्हा लिहायला ती तयार नव्हती, आणि मीही तिला आग्रह केला नाही.

कासवाचं पान मात्र सुखाचं झालं. ठोकळे एकमेकांना जोडून कासवाला चालवायचं, त्याच्या मागे रेघ उमटते. ‘१०० पुढे जा, ९० अंश उजवीकडे वळ, हे ४ वेळा कर’ म्हटलं की चौकोन. मी तसंच लिहिलं. दुसरीतल्या एका पोराने विचारलं, “शंभर काय? पावलं का बोटं?” आता याला काय उत्तर द्यायचं? कासवाची पावलं, म्हटलं. तो म्हणाला, मग किती पावलांवर ते पडद्याच्या बाहेर पडतं? मलाही माहीत नव्हतं. मी पानावर एक रिकामी चौकट सोडली: ‘आमचं कासव ____ पावलांवर बाहेर गेलं.’ त्या पानावर जेवढी गर्दी झाली तेवढी माझ्या कुठल्याच सुबक वाक्यावर झाली नाही. अंश अजून शिकवलेला नव्हता, पण ९० म्हणजे काटकोन हे मुलांनी दाराच्या चौकटीशी लावून घेतलं. ३६० टाकल्यावर कासव जागच्या जागी गिरकी घेऊन होतं तसंच दिसतं, याचा शोध लागला तेव्हा ‘कासव बिघडलं’ म्हणून ओरडा झाला.

पाऊस धरला तसा बाण वेडा झाला. बोट टेकवावं इकडे आणि बाण उडी मारून तिकडे. या मॉडेलच्या टचपॅडची ही जुनी खोड आहे. ओल आणि घामट बोटं त्याला सोसत नाहीत. उपाय सोपा: बोटं कोरडी करायची, पॅडला हात न लावता कीबोर्डच्या चार कोपऱ्यांतली चार बटणं एकदम दाबायची आणि सोडायची, म्हणजे तो नव्याने जुळवून घेतो. मी लिहिलं, ‘चार कोपऱ्यांतली बटणं दाबा.’ काहींनी एकामागून एक दाबली. ‘एकदम’ घातलं. काहींनी पडद्याच्या चौकटीवरची बटणं दाबली, कारण तिथेही बटणं आहेत आणि तिथेही कोपरे आहेतच. शेवटी कीबोर्डचं चित्र काढून चार कोपऱ्यांवर चार बोटं काढली. मुलांनी त्याचा दोघांचा खेळ केला: डावीकडची दोन एकाची, उजवीकडची दोन दुसऱ्याची. पुस्तकात तसंच ठेवलं.

चार्जिंगवर फार लिहिण्यासारखं नाही. अमेरिकन चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, मेन रोडवरून नऊ अडॅप्टर आणले, आणि वीज दुपारी जाते म्हणून सकाळी आल्या आल्या दिवा हिरवा होईपर्यंत लावून ठेवायचं, एवढंच. गावातल्या एकाने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवून दाखवायची तयारी दर्शवली. हा लॅपटॉप बारा व्होल्टवर खरंच चालतो. तरीही ते पान मी लिहिलं नाही. उलटी तार लागली तर कोण जबाबदार? कारखान्यातली सवय.

देवनागरीचं पान अजूनही माझ्या मनासारखं नाही. सेटिंगमध्ये जाऊन देवनागरी मांडणी लावता येते. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या, हे मुलांना बाराखडीमुळे चटकन पटलं. पण कीबोर्डवर छापलेली अक्षरं इंग्रजी. मी छोट्या चिकटपट्ट्यांवर अक्षरं लिहून लावली. कीबोर्ड रबराचा, दुसऱ्या दिवशी अर्धी अक्षरं खोलीभर. एक ‘ळ’ तर पोषण आहाराच्या पातेल्याजवळ सापडला. शेवटी तक्ता काढून लॅमिनेट करून भिंतीवर लावला. मुलं भिंतीकडे बघतात, बोट शोधतात, परत भिंतीकडे बघतात. चाललंय.

दिवाळीनंतर पुस्तकाचं रूप ठरलं. चाळीसऐवजी सोळा पानं, एका पानावर एकच काम, अक्षर मोठं, खाली रिकामी जागा. सोळाही पानांवर मी शाळेत गप्प बसलेली आहे. लवंगांचा हिशोब ठेवला नाही.

डिसेंबरात सतरावं पान लिहायची वेळ आली. ‘दमणगंगा’चं आतलं घड्याळ बिघडलं आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेली. वरवर काही अडत नव्हतं, चित्रं काढता येत होती, कासव चालत होतं. पण जर्नल कामं लावतं तारखेप्रमाणे. सकाळी काढलेला मोर एकदम यादीच्या तळाशी, सगळ्या जुन्या कामांच्या खाली. ज्याने काढला तो वर शोधतोय आणि मोर नाही. तारीख दुरुस्त करायची तर टर्मिनल नावाची खिडकी उघडून तिच्यात इंग्रजी आज्ञा लिहावी लागते, आणि घड्याळ पुन्हा मागे गेलं तर पुन्हा तेच. तिसरी-चौथीच्या मुलांना ती आज्ञा शिकवायची की गुरुजींना, की घड्याळाचं राहू दे म्हणायचं, हे मला ठरवता येईना. दोन मसुदे केले, दोन्ही फाडले.

जानेवारीत गेले तेव्हा दमणगंगा कान उघडणाऱ्या मुलीकडे होता. पडद्यावर जर्नल उघडलेलं, आणि ती वरून खाली न येता सरळ तळाशी गेली. मी विचारलं, तुला कसं कळलं खाली आहे ते?

“दमणगंगा उलटी वाहते, मॅडम,” ती म्हणाली. “सगळ्या नद्या तिकडे, ही इकडे.”

नार आणि पार सोडल्या तर खरं आहे. गोदावरी पूर्वेला जाते, दमणगंगा पश्चिमेला, समुद्राकडे. मी तिच्याकडून तेच वाक्य लिहून घेतलं, खाली बाणाचं चित्र काढलं आणि सतरावं पान म्हणून लावून टाकलं.